तिकिटावरचा अर्धा शिक्का

ते पाकीट मी जाळलं. तिकीट सोडवून घेतल्यावर उरलेला कागद जुन्नरच्या घरी पाणी तापवायच्या बंबात टाकला, आणि काही चुकलं असं तेव्हा वाटलंही नाही.

माझे चुलते, नाना, दुसऱ्या महायुद्धात आरमारात होते. समुद्रात सुरुंग पेरणाऱ्या जहाजावर. पारावर त्यांची चेष्टा चालायची. "नाना, पेरलेलं उगवलं का न्हाई?"

"न्हाई उगवलं तेच बरं, राव," म्हणून नाना चंची उघडायचे.

त्यांनी तिकडून घरी धाडलेली पत्रं पत्र्याच्या डब्यात होती. जहाज कुठं आहे ते कळू नये म्हणून सगळं टपाल मुंबईमार्गे, तिकिटाशिवाय यायचं. पाकिटावर फक्त तपासणाऱ्याचा गोल शिक्का. तिकीट एकाच पाकिटावर होतं. नव्वदीच्या सुरुवातीला मला तिकिटं जमवायचा नाद लागला, आणि मी न विचारता नेमकं तेच उचललं. परातीत भिजवून तिकीट अलगद सुटं केलं. पोस्टाचा शिक्का अर्धा तिकिटावर आला, अर्धा कागदावर राहिला. तो कागद बंबात गेला.

काही वर्षांनी डिंभ्याहून एक म्हातारी आली. तिचा थोरला भाऊ नानांच्याच जहाजावर होता. सुरुंग सोडताना तो पाण्यात पडला आणि सापडलाच नाही. पुढं धरणात तिचं गावही बुडालं.

"गाव कुठल्या पाण्याखाली हाय ते मला दिसतंय," ती नानांना म्हणाली. "भाऊ कुठल्या पाण्यात हाय, तेवढं सांगा."

नानांना बंदराचं नाव आठवेना. "पर त्याच आठवड्यात म्या चोरून बंदरातल्या पोस्टात पत्र टाकलं व्हतं, तिकीट लावून. शिक्क्यावर नाव असंल."

त्यांनी डबा पालथा केला. मी शेजारीच बसलो होतो.

"उंदरांनी नेलं असेल," मी म्हणालो.

म्हातारी गेली, पण नानांचा शोध थांबेना. कणगीमागं, देव्हाऱ्याखाली, जुन्या कोटाच्या अस्तरात. "सगळी पत्रं सोडून उंदीर तेवढंच कसं खातील?" असं ते जेवताना मधेच विचारत आणि मी ताटावरून उठे. वहीतलं तिकीट मी कितीदा भिंगाखाली धरलं. शाईची एक कमान, नावाची शेवटची दोन अक्षरं. तशा शेवटाची बंदरं नकाशावर पुष्कळ निघाली. दोनदा तिकीट खिशात घालून डिंभ्याला निघालो आणि वाटेत घोडेगावला उतरून परत फिरलो. नाना गेले, तेव्हाही डबा त्यांच्या उशाशी होता.

तेराव्यानंतर मी डिंभ्याची एसटी धरली. उशीर झाला तर बरं, असं वाटत होतं. म्हातारी अंगणात मासे वाळत घालत होती. लुगड्याला हात पुसून तिनं तिकीट तळव्यावर घेतलं.

"वाच की, काय ल्हिलंय?"

"नाव अर्धंच आहे, मावशी."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं मी जाळलं. उंदरांनी नेलं नव्हतं. नाना शोधत राहिले आणि मी नुसता बघत बसलो. त्यांची माफी मागायची राहून गेली. तुमची मागायला आलोय. माझं चुकलं, मावशी. मला माफ करा."