नंदाबाईंची झोपलेली नस

बेडसे गावच्या नंदाबाई गुलाबांचा टेम्पो चालवतात. पॉलिहाऊसमधली फुलं भरून तळेगावला पोचवायची. नवऱ्याची, मारुतींची, कंबर धरली तेव्हा त्यांनी स्टेअरिंग हाती घेतलं, ते सोडलंच नाही. गेल्या वर्षी उजव्या स्तनात गाठ निघाली. तपासणीत कॅन्सर ठरला. स्तन काढावा लागेल, हे त्यांनी मान खाली घालून ऐकलं. पण खरी धास्ती दुखण्याची होती. शेजारच्या भागुबाईंचं असंच ऑपरेशन झालेलं. दुखतंय म्हणून त्यांनी हात हलवलाच नाही आणि खांदा आखडून बसला.

"डॉक्टर, मला टेम्पो चालवायचाय," नंदाबाई म्हणाल्या.

भूल देणाऱ्या डॉक्टर ऋचा हसल्या. "मग छातीच्या नसा गोठवू या. बरगड्यांच्या मधे सुईसारखी नळी घालायची, तिच्या टोकाला कडक गारवा. नस दोन-तीन महिने झोपते, मग आपोआप जागी होते."

"म्हंजी माजी कुल्फी करनार व्हय?"

"फक्त नसेची!"

मारुती मात्र खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आन न्हाईच जागी झाली तर?"

"बहुतेक होते. एखादीला बधिरपणा जास्त दिवस राहतो," डॉक्टरांनी लपवलं नाही.

"ऱ्हाऊ द्या. ठणक्यापरीस बधिर बरं," नंदाबाईंनी ठरवून टाकलं.

ऑपरेशननंतर काखेत ओढ लागत होती, पण छातीत ठणका नव्हता. साध्या गोळ्यांवर भागलं. घरी आल्यावर भागुबाई डोळ्याला पदर लावत भेटायला आल्या.

"रडतीस काय, भागू? भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिलाय. हो हुबी, दोगी करू!"

मग रोज सकाळी दोघी भिंतीसमोर उभ्या राहू लागल्या. हसता हसता भागुबाईंचाही हात थोडा वर जाऊ लागला. बधिर जागेला चटका बसलेला कळत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून नंदाबाईंच्या अंघोळीचं पाणी मारुती आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघत.

पुढचे उपचार चालूच होते. डॉक्टरांनी परवानगी दिली तशा नंदाबाई अधूनमधून टेम्पोही काढू लागल्या. एका दुपारी त्यांनी घाईघाईनं फोन लावला.

"डॉक्टर, छातीत मुंग्या आल्यात!"

"अरे वा! नस जागी होतेय, नंदाबाई."

मारुती तडक पेढे घेऊन आले. बायकोला मुंग्या आल्या म्हणून पेढे वाटणारा माणूस बेडशानं पहिल्यांदाच पाहिला.