दादाचं बसणं: सातारा, सांगली, आटपाडी

फिरायचं म्हणून मी निघालेच नव्हते. वहिनीचा फोन आला, "आवं वन्सं, ह्यांनी गोळ्या सोडल्यात. काल न्हाणीत पडले. माझं ऐकत न्हाईत. तुमी या."

ह्यांनी म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेतून सुभेदार होऊन परतलेला दादा. त्याला कंपवात आहे. मी साताऱ्यात योगवर्ग घेते, आणि योग मला शिकवला तो त्यानंच. सुट्टीवर आला की अंगणात घोंगडं अंथरायचा, मला शेजारी बसवायचा आणि म्हणायचा, "श्वास येतोय, जातोय. यवढंच बघ." पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या आमच्या घरात डोळे मिटून बसणारा हा पहिलाच. गाव हसायचं, हा बसायचा. भांडी घासताना भांडीच घासा, जेवताना घासाकडे लक्ष द्या, असं जे मी वर्गात सांगते ते सगळं त्याचंच.

सांगलीत त्याच्या डॉक्टरांना भेटून पुढे जायचं ठरवलं. सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी बायकांनी भरलेली. महामार्गाचं काम चालू आहे, कऱ्हाडच्या आसपास गाडी मुंगीच्या पावलानं जाते, तेव्हा वेळ हाताशी ठेवूनच निघा. पेठ नाक्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना ऊस. प्रवासातही श्वासावर लक्ष ठेवा, असं मी लोकांना सांगते. माझं सगळं लक्ष फोनवर होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "देवाला निघालाय व्हय?"

"न्हाई, भावाकडं. आजारी हाय."

"मग हिकडं खिडकीला या," म्हणून त्यांनी जागा बदलून दिली आणि पुढे काहीही विचारलं नाही. मला तिथंच रडू फुटलं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "या गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात. अंग आखडत जाईल, पुढे घास गिळणंही अवघड होईल. प्राणायाम करू देत, चांगलंच आहे. पण मेंदूत जे कमी पडतंय ते त्यानं भरून येत नाही."  बाहेर पडले, वहिनीसाठी भडंग घेतलं आणि बस सुटायला अवकाश होता म्हणून रिक्षानं कृष्णेच्या घाटावर गेले. सांगलीत आलात तर संध्याकाळी घाटावर जरूर बसा, छान वारा असतो. मी भर दुपारी गेले होते. डोळे मिटले, तर न्हाणीत पडलेला दादा दिसायला लागला. उठले आणि स्टँडवर परत आले.

तासगावपर्यंत द्राक्षबागा सोबत करतात. भिवघाट ओलांडला की हिरवं विरळ होतं, मग बाभळी, खडकाळ माळ आणि अधूनमधून डाळिंबाच्या बागा. आमचं गाव आटपाडीच्या पुढे आहे, आटपाडीतून वडापची जीप मिळते, पण अंधार पडायच्या आत गाठायला हवी.

दादा कट्ट्यावर बसला होता. "आलीस, नंदे?" म्हणाला, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आजारानं चेहराही आखडतो, हे मला माहीत होतं, तरी मी त्यावर हसू शोधत राहिले. जेवायला हुलग्याचं पातळ माडगं होतं. वाटी तोंडापर्यंत जाईतो अर्धं माडगं सदऱ्यावर सांडलं. वहिनीनं वाटी काढून घेतली आणि त्याला भरवलं.

पहाटे आम्ही दोघं बसलो, पूर्वीसारखं. मी हळूच डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मांडीवरचा हात थरथरत होता आणि बाकीचा माणूस इतका शांत होता की मला त्याचा हेवा वाटला. इतकी वर्षं वर्ग घेऊन मला हे कधी जमलेलं नाही. उठल्यावर मी विषय काढला.

"दादा, गोळ्या का सोडल्यास?"

"गोळी घेतली की हात थांबतो गं. पर बसाय गेलो की डोळ्यांवर झापड. डोकं पेंड भरल्यागत हुतंय. समोर न्हाईत ती माणसं दिसत्यात. श्वास कुठं हाय, त्येच घावत न्हाई." तो थांबून थांबून बोलत होता. "हात गेला तर जाऊ दे. ही जागा तेवढी ऱ्हाऊ दे मला."

मी डॉक्टरांचे शब्द पाठ करून आले होते.  पण दादाचंही खरं होतं, आणि डॉक्टरांचंही.

मग चुलीपुढून वहिनी बोलली. तिला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "तुमी डोळं मिटून शांत बसताय, लय चांगलं हाय. पर रोज उचलतंय कोण तुमास्नी? न्हाऊ कोण घालतंय? माझी पाठ गेली. उद्या तुमी माझ्या हातनं निसटला, डोकं फुटलं, तर त्या शांतीचं मी काय करू?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. मी बाजू घ्यावी, असं त्याला वाटत असणार. सबंध घरात त्या बसण्याची किंमत कळणारी मी एकटीच. आणि मी म्हणाले, "दादा, घे गोळी. माझ्यासाठी घे." मी हमसून रडत होते.  वहिनीनं पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यानं गोळी घेतली.

मी आठवडाभर राहिले. हळूहळू हात शांत झाला. भाकरी तो स्वतः मोडायला लागला, भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जायला लागला. वहिनी एका दुपारी भडंग खात मनापासून हसली. डॉक्टरांना फोन केला, झोपेबद्दल सांगितलं. ते म्हणाले, वेळा बदलून बघू, पण थोडी गुंगी राहणारच. निघायच्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा बसलो. थोड्या वेळानं त्याची मान छातीवर पडली, ओठांतून लाळ गळायला लागली. मी पदरानं पुसली तसा तो दचकून जागा झाला. "बसलो का गं मी?" त्यानं विचारलं.

"व्हय दादा, बसलास की," मी म्हणाले.

येताना विट्यावरून आले, तो रस्ता बराच बरा आहे. बाकी काही पाहिल्याचं आठवत नाही.

लोक विचारतात, गावी जाऊन मन निवलं का? नाही. मी भावाचा जीव वाचवायला गेले आणि त्याला ज्यासाठी जगायचं होतं तेच काढून घेऊन आले. वहिनीची पाठ आठवली की वाटतं, दुसरं काय करणार होते? पुन्हा गेले तरी हेच करीन, आणि या विचारानं जराही बरं वाटत नाही. वर्ग चालू आहे. आसनं घेते. शेवटी डोळे मिटून बसायचं असतं, तेव्हा उशीर झाला म्हणून सगळ्यांना सोडून देते.

काल दादाचा फोन आला. आवाज जड, शब्द सावकाश. "मला आता काय ते जमत न्हाई, नंदे. माझ्या वाटणीचं बी तूच बसत जा. बसतीस न्हवं रोज?"

"व्हय दादा," म्हणाले.

आल्यापासून मी एकदाही बसलेले नाही.