हरलेल्यानं मांडायचं

घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या गल्लीत कॅरमचा एक नियम होता, तो कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. जो हरेल त्यानं पुढच्या डावाच्या सोंगट्या मांडायच्या. जिंकलेला आरामात चहा पीत बसायचा. हरलेल्यानं मान खाली घालून मधोमध लाल राणी ठेवायची, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, आणि पांढऱ्या सोंगट्यांतून इंग्रजी वाय जमवून त्याचं तोंड जिंकलेल्याकडे करायचं. डाव फोडायचा मान जिंकलेल्याचा.

मला हे कधी जमलं नाही. म्हणजे मांडणं जमायचं, हरणं जमायचं नाही. नऊ वर्षांची असताना बाबांनी मला सलग तीन डाव हरवलं आणि मी बोर्डच उलटा केला. बाबा मरोळच्या कारखान्यात फिटर, पण गल्लीत त्यांची ओळख कॅरमचा चॅम्पियन अशीच. ते रागावले नाहीत. पलंगाखाली घरंगळलेली शेवटची सोंगटी मला मिळेपर्यंत नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "हरलंस मा? मग मांड."

त्या दुपारी अजून मला अर्धवट झोपेत दिसतात. पत्र्याच्या भोकातून उन्हाची काठी खाली आलेली, तिच्यात बोरिक पावडरचे कण हळूहळू फिरताहेत, स्ट्रायकर सरकल्याचा तो लांबट, गुळगुळीत आवाज, आणि पलीकडे बाबांची बोटं. तासाभरात किती डाव झाले, कोण जिंकलं, यातलं काही आठवत नाही. बोटं मात्र लख्ख आठवतात.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आम्ही तोवर मुलुंडला राहायला आलो होतो. बोलणं परत आलं, पाय परत आला, हात काही येईना. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, येत्या काही महिन्यांत हात वापरला तर वापरला, नाहीतर तो गेला असं समजा. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती रंगीत मणी काढायची, बाबा भिंतीकडे तोंड करायचे. "ह्यो पोरखेळ माका नको." वरणभात मी कालवायचे, मी भरवायचे. घास घेताना बाबा डोळे मिटून घ्यायचे. ते मिटलेले डोळे मला सहन होत नसत.

त्याच सुमारास आमच्या अंधेरीच्या ऑफिसात चॅम्पियनची मानसिकता शिकवायला एक कोटवाले गृहस्थ आले होते. चॅम्पियन हरण्याचा विचारच करत नाही, म्हणाले. मीही शहाण्यासारखं वहीत लिहून घेतलं. घरी आले आणि कपाटामागून कॅरम बोर्ड बाहेर काढला. बाबांना जिंकायची चव पुन्हा लागू दे, बाकी आपोआप होईल, असा माझा बेत.

बाबा डाव्या हातानं खेळू लागले. स्ट्रायकर भलतीकडे जायचा. मीही सोप्या सोंगट्या चुकवत राहिले, हाय हाय करत राहिले, मला वाटतं नाटक झकास वठत होतं. तीन रविवार मी हरले आणि तीन रविवार नियमाप्रमाणे मीच सोंगट्या मांडल्या. बाबांचा उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

चौथ्या रविवारी त्यांनी स्ट्रायकर बाजूला ठेवला.

"माका हरव गो," ते म्हणाले. "नायतर मी मांडू कधी?"

आधी मला कळलंच नाही. मग कळलं आणि कान गरम झाले. ज्या माणसानं मला हरायला शिकवलं, त्याच्याकडून मी हरणंच काढून घेतलं होतं, वर स्वतःवर खूश होते. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, या वयातही बाबा मला पकडतात म्हणून.

मग मात्र मी खेळले. राणी घेतली, लगेच कव्हर केली, दयामाया न दाखवता सगळा बोर्ड साफ केला. डाव्या हातानं बाबांनी उजवा हात उचलून बोर्डावर ठेवला, जणू घरात आलेल्या पाहुण्याला बसवत होते. त्या दुपारी फक्त राणी मधोमध पोचली. मी मदतीला हात पुढे केला, तर डाव्या हाताची चापट बसली.

बोर्ड हॉलमध्येच राहिला. आम्ही त्याला वळसा घालून जेवायचो, रोज त्यावर हलकी चादर टाकायचो. रोज दुपारी दोन सोंगट्या लागायच्या, एखादी सटकायची, शेजारच्या तीन घेऊन जायची. बाबा पुन्हा पहिल्यापासून. सुट्टीच्या दिवशी आतल्या खोलीत डुलकी लागली की मला तो लाकडावर लाकूड टेकल्याचा बारीक आवाज यायचा, आणि क्षणभर मी घाटकोपरला असायचे, पलंगाखाली, धुळीत, सोंगटी शोधत.

बाराव्या दिवशी मी घरून काम करत होते. बाबांनी हाक मारली. एकोणीसच्या एकोणीस सोंगट्या लागलेल्या. सोंगट्यांचं फूल थोडं वाकडं होतं, पण पांढऱ्यांचा वाय बरोबर माझ्या खुर्चीकडे तोंड करून होता. बाबांच्या कपाळावर घाम होता आणि उजव्या हाताच्या बोटांना पावडर लागलेली होती.

मी समोर बसले, स्ट्रायकर ठेवला, आणि माझं बोटच हलेना. बारा दिवसांचं ते काम मी एका टिचकीत कसं उधळणार होते? बाबा वाट बघत होते. माझ्याकडे नाही, सोंगट्यांकडे बघत.

"फोड गो," ते म्हणाले. "मी परत मांडतलंय."