आडव्या पाट्याची गाडी

लवू गोताडला ‘नाही’ म्हणायला कधी जड गेलं नाही. साळवी स्टॉपच्या पुढे, डांबर संपून लाल मातीचा उतार लागतो तिथे त्याचं पत्र्याचं गॅरेज. गाडीचं ओझं झेलणारे पोलादी पानांचे पाटे, शॉकअप आणि चाकं, एवढंच काम. इंजिनाला हात लावायचा नाही. “तो डॉक्टर वेगळा, आपण पायाचं वैद्य,” म्हणायचा. चिऱ्याचा ट्रकवाला यायचा, जास्त माल भरता यावा म्हणून मागे दोन पानं जादा घाला म्हणायचा, की लवू उखडलाच. “नाय घालनार. ब्रेक हाय का तेवढा तुझा? मरशील तो मरशील, समोरच्याला पण घेऊन जाशील.” माणूस शिव्या घालत निघून जायचा आणि आठ दिवसांनी मुकाट्याने परत यायचा. असा खमका माणूस! आणि हाच माणूस एका सणाच्या सकाळी तोंड शिवल्यासारखा गप्प बसला. का बसला, तेच सांगायचं आहे.

लवू मूळचा देवरूखच्या वरच्या अंगाचा. घरची जमीन जेमतेम चार कुडव भात देणारी, म्हणून सोळाव्या वर्षी मुंबई. माझगावात एक गॅरेज होतं, तिथे श्रीमंतांच्या जुन्या विलायती गाड्या यायच्या. बावीस वर्षं त्याने त्या गाड्यांच्या पोटाखाली काढली. मग आई थकली तेव्हा रत्नागिरीत येऊन स्वतःचं दुकान टाकलं. बायको जाईबाई, एकुलती एक लेक सानिका. लेकीवर जीव म्हणजे किती? तिची सायकल असो की स्कूटर, दर रविवारी चाकाचा नटन् नट स्वतः आवळायचा.

तिचं गेल्या मे महिन्यात ओमकारशी लग्न झालं. मुलगा राजापूरकडचा, मुंबईत चांगल्या नोकरीला, सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा. दोष म्हणाल तर एकच, जुन्या गाड्यांचं वेड. आता पाटेवाल्या सासऱ्याला तो दोष वाटणार कसा? मुलगी बघायला आला तेव्हा कांदेपोहे तसेच ठेवून गॅरेजात जाऊन पाटे मोजत बसला, तिथेच लवू विरघळला. लग्नानंतर तर काय, “पावणं असं म्हनाले, पावणं तसं म्हनाले.” वयाने निम्म्याहून लहान पोरगा, पण लवू त्याच्यासमोर खुर्चीवर टेकत नसे. जावई म्हणजे मानाचा माणूस. त्याला उलट बोलायचं नाही, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. बापजाद्यांपासून चालत आलेलं, त्यावर त्याने कधी विचार म्हणून केला नव्हता.

श्रावणात ओमकारने टेम्पोवर घालून एक गाडी आणली. दोन माणसांची, उघड्या टपाची, जमिनीला पोट टेकलेली विलायती स्पोर्ट्स गाडी. पन्नासपंचावन्न वर्षांची. हिरवा रंग पोपडे धरून उडालेला, चार चाकं चार जातींची. “मामा, इंजिन मी मुंबईत करून घेतलंय,” ओमकार म्हणाला. “पाय तुम्ही द्यायचे.” लवू लगेच पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं.

“पावणं, ही आडव्या पाट्याची हाय.”

“म्हणजे?”

मग लवूने त्याला गाडीखाली नेऊन दाखवलं. मागे दोन चाकांना दोन पाटे नाहीत, एकच पाटा आडवा टाकलेला, आणि चाकांचे दोन्ही दांडे मधल्या गिअरच्या गोळ्याला बिजागरी लावल्यासारखे. वळणावर वेगात गेलं आणि मागचं अंग वर उचललं, की बाहेरचं चाक कुर्ली खेकड्याच्या नांगीसारखं पोटाखाली दुमडतं. एकदा दुमडलं की संपलं. गाडी त्याच चाकावर अडखळून उलटी पडते. माझगावात अशी एक आली होती, चेपून अर्धी झालेली, आणि तिच्यातल्या दोघांपैकी कुणीच मागाहून बिल विचारायला आलं नव्हतं.

“म्हनून हिला मागनं खाली बसवायची,” लवू म्हणाला. “चाकांची डोकी वायच आत कललेली. आणि टायर अरुंद. अरुंद टायर वळणावर घसरतो, घसरला की माणूस शहाना होतो. रुंद टायर घसरत नाय, रस्ता धरून ठेवतो. आणि त्यानं धरलान् की गाडी उचलते.”

ओमकारने सगळं ऐकलं आणि मान डोलावली. लवूने दोन महिने जीव ओतून काम केलं. कोल्हापूरच्या भंगारातून तारांची बारीक चाकं शोधून आणली, एकेक तार हातांनी ताणली. पाट्याची दोन पानं काढून तो मऊ केला. दसऱ्याला ओमकार आला, गाडी थिबा राजवाड्यापर्यंत फिरवून आला, आणि लवूला जन्माचं सार्थक झालं.

पण गाडी दिसायची फेंगडी, ते खरंच. स्पीडब्रेकर आला की पोट खरवडायचं. मारुती मंदिरापाशी चहाला थांबले असताना ओमकारचे मित्र म्हणाले, “काय रे, सासऱ्याने म्हैस बसवून दिली का?” फोटो मोबाइलवर टाकला तर तिथेही तीच थट्टा. माणसाला लाख शहाणपण सांगा, चार जणांच्या हसण्यापुढे ते टिकत नाही. ओमकार मुंबईला गेला तो मनात काटा घेऊन.

दिवाळी आली. पहिला दिवाळसण, जावई घरी. नरक चतुर्दशीला पहाटे उटणी झाली, तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडून झालं, पाटाभोवती रांगोळी, ताटात पाच तऱ्हेचे पोहे. लवूने अंगठीची डबी पुढे केली. ओमकारने ती हसत परत सरकवली.

“मामा, अंगठी नको. मागू का एक?”

“मागा की! तुमचा मान हाय.”

“गाडी माझ्या मनासारखी उभी करून द्या. मागे अडीच इंच वर. आणि चाकं मी आणलीत बरोबर, रुंद. परवा पाडव्याला सानिकाला घेऊन पूर्णगडला जातो. जरा ऐटीत जाऊ द्या की आम्हाला.”

लवूच्या हातात डबी तशीच राहिली. तोंडापर्यंत आलेलं ‘नाही’ त्याने गिळलं. जाईबाईने त्याला आत बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, “सणाचा दिस. पावण्यांनी पयल्यांदा तोंड उघडून मागितलंनी. तुमची ती गॅरेजातली जीभ घरात नको हां.” तिचं तरी काय चुकलं? तिला आडवा पाटा काय ठाऊक! पण ज्याला ठाऊक होतं तो बाहेर येऊन म्हणाला, “बरं. देतो करून.”

त्या दिवशी आख्ख्या आळीत फराळाची ताटं फिरत होती आणि लवूच्या गॅरेजातून घणाचे आवाज येत होते. पाट्याचं एकेक पान ऐरणीवर ठेवून तो कमान वाढवत होता. शेजारचा दीपक, फटाक्यांचं दुकान लावलेला, येऊन म्हणाला, “अवो, आज तरी हातोडा ठेवा खाली.” लवूने पुढचं पान ऐरणीवर ठेवलं. घाम पुसायलाही थांबला नाही. काढलेली दोन पानं परत घातली, पाटा जागेवर चढवला, आणि ओमकारची ती रुंद, चकाकती चाकं बसवली. गाडी ताठ उभी राहिली. बघणाऱ्याने बघतच राहावं अशी दिसत होती आणि लवूला तिच्याकडे बघवत नव्हतं.

त्याने एक चोरी केली. मागे अडीच इंच सांगितले होते, त्यातला अर्धा इंच हळूच खाली ठेवला. पण ओमकार पण गाडीवेडा, टेप घेऊनच आला. “काय मामा, अर्धा इंच खाल्लात की!” हसला. लवूही हसला, ओशाळून. आणि तो अर्धा इंचही वर गेला.

पाडव्याच्या सकाळी, घरात आंघोळी चालू असताना, लवू एकटा गाडी घेऊन भाट्याच्या पुलापलीकडे गेला. चढाच्या दुसऱ्या वळणावर त्याने मुद्दाम वेग धरला. टायरने रस्ता असा पकडला की काय सांगावं, आणि मग त्याच्या पाठीखालून गाडी उचलली. फार नाही, चार बोटं. डाव्या मागच्या अंगाला काहीतरी आत जातंय असं वाटलं. त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तसाच दाबून ठेवला, सोडून मागचं अंग आणखी उठू दिलं नाही, म्हणून निभावलं. पुढे माळावर गाडी थांबवून तो खाली उतरला आणि मागच्या चाकाला टेकून मातीतच बसला. एसटीची वाट बघत बसलेली एक म्हातारी म्हणाली, “बरं नाय काय वो?” तो म्हणाला, “बरं हाय.”

घरी आला तो ठरवूनच आला, आज सांगायचं. घरापुढच्या खळ्यात ओमकार नवा शर्ट घालून उभा होता. लवू जवळ गेला आणि त्याच्या तोंडून काय निघालं? “पावणं, वळणावर वायच सावकाश हां. आणि मधीच पाय सोडू नका.” बस्स, एवढंच. अरे माणसा, ट्रकवाल्यांचे बाप काढणारा तू, तुझी जीभ कुठे गेली होती? ओमकार म्हणाला, “काळजी करू नका मामा, तुम्ही केलेलं काम आहे.”

सानिकाने नवऱ्याला ओवाळलं. जाईबाईने नारळ आणला. आळीतली चारसहा माणसं गाडी बघायला जमली, कुणी फोटो काढत होतं. सानिका दार उघडून बसली, पदर सावरला, आणि बापाकडे बघून म्हणाली, “मला अशा उघड्या गाडीची भीतीच वाटते खरं तर. पण तुम्ही चाकं बसवलीत ना बाबा? मग मला काय!”

लवू पुढे झाला, त्याने दार उघडलं आणि लेकीचं मनगट धरलं.

“उतर.”

“अवो!” जाईबाई ओरडली.

“उतर सांगतो. ही गाडी उलटनार. मी केलंय, मला ठावं हाय. उलटनार!”

निघायच्या वेळी, सणाच्या दिवशी, जावयाच्या तोंडावर, चार लोकांत! सानिका बावरून उतरली. ओमकारचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

“उलटणार होती तर बनवलीत कशाला, मामा? काल नाही सांगितलंत, सकाळी नाही सांगितलंत. चार लोकांसमोर शोभा करायची होती माझी?”

“तुमी पन नका जाऊ, पावणं. हात जोडतो.”

आणि त्याने खरंच हात जोडले. किल्ली हातभर अंतरावर होती. वाकला असता तर काढून घेता आली असती. ओमकारचा दंड धरून खेचला असता तर तो पोरगा काय करणार होता? घण मारणारे हात लवूचे! पण ते हात जोडलेलेच राहिले.

“ठेवा तुमच्या मुलीला घरात,” ओमकार म्हणाला. “मी जाऊन येतो. मग बघू कोण उलटतं ते.” गाडी उतारावरून धूळ उडवत गेली. जाईबाईचा नारळ तिच्या हातातच राहिला.

पाऊण तासाने फोन आला. भाट्याचा चढ नाही, पूर्णगडच्या अलीकडचं उताराचं वळण. समोरून एसटी आली, आणि रागाच्या वेगात असलेल्या ओमकारने दचकून पाय सोडला. एसटीच्या ड्रायव्हरने मागाहून सांगितलं, की मला धडकली नाही हो, आपल्या आपणच वर उठली आणि पालथी झाली. एसटीतल्या कुणाला खरचटलंदेखील नाही. ओमकार जागच्या जागी गेला.

लवू तिथे गेला. गाडी पालथी होती, चाकं आभाळाकडे. डावं मागचं चाक आत दुमडलेलं होतं, त्याने श्रावणात दाखवलं होतं अगदी तसं. पोलिसांनी चालकाचा ताबा सुटला असं लिहून घेतलं. लवू म्हणाला, “माझा हात हाय ह्याच्यात, लिवा.” हवालदार चांगला माणूस. “घरी जा काका,” म्हणाला.

आळीत मात्र दुसरंच बोललं गेलं. निघायच्या वेळी सासऱ्याच्या तोंडून अभद्र निघालं, बोल लागला. आळीतल्या गंगुबाईने तर दारात येऊन ऐकवलं, “काळी जीभ तुझी, लव्या.” लवू खाली मान घालून ऐकत राहिला. त्याला ते ऐकून घेणं सोपं जात होतं, कारण खरं त्याहून वाईट होतं. गॅरेजला त्याने कुलूप घातलं. ट्रकवाले येऊन परत जात, आणि तो घरात भिंतीला टेकून बसलेला.

बाराव्या-तेराव्यानंतर राजापूरची माणसं निघून गेली, तेव्हा सानिका त्याच्यापुढे येऊन बसली. इतक्या दिवसांत ती बापाशी अवाक्षर बोलली नव्हती. रडून डोळे कोरडे झाले होते.

“एक विचारू, बाबा?”

“विचार, बाय.”

“माझा हात धरून मला खाली ओढलंत. त्यांचा का नाही धरलात?”

खोटं सांगायला लवूपाशी काही उरलंच नव्हतं. जे होतं तेच म्हणाला.

“जावयाच्या अंगाला हात कसा लावू, बाय?”

सानिका उठता उठता, आवाज जराही न चढवता म्हणाली, “तुमचे जावई होते ते, बाबा. माझा नवरा होता.”