मागचा वायपर फिरला आणि मी परत गाडी हातात घेतली

मंडळी, आज चार दिवसांनी मोकळा श्वास घेतला, म्हणून लिहून राह्यले.

चार दिवसांपूर्वी उमरखेडला घरासमोर गाडी मागे घेत होते. मागचा वायपर बंद, काच चिखलानं भरलेली. मागे उभे असलेले बाबा मला दिसलेच नाहीत. त्यांनी डिक्कीवर जोरात थाप मारली, तेव्हा कुठे ब्रेक दाबला. त्यांना लागलं नाही, पण त्यानंतर मी चावीला हात लावला नव्हता.

आज सकाळी बाबाच म्हणाले, "चाल, वायपर उघडून पाहू." ते निवृत्त वायरमन आहेत, पण गाडीच्या कामात दोघंही नवखे.

डिक्कीच्या दाराचं आतलं प्लास्टिकचं कव्हर मी ओढायला लागले, तर म्हणाले, "जोर कायले लावतं? तुटन ना! एकेक क्लिप सोडव." शेवटची क्लिप अशी कडाडली की वाटलं, फुटलंच कव्हर. पण शाबूत निघालं.

मोटर ठीक होती. दार उघडताना वायर जिथे वाकते, तिथे रबरी नळीच्या आत ती तुटली होती. बाबांनी जोड दिला, टेप गुंडाळली. बटण दाबलं आणि वायपर फिरला!

मला एकदम भरून आलं. "बाबा, त्या दिवशी..."

"मीबी फोनवर बोलत गाडीमागं उभा होतो. झालं ते झालं. बस आता, मले बाजारात ने."

नेलं. अगदी हळू, पण नेलं.

तुमच्या गाडीची मागची काच शेवटची कधी पाहिलीत?