हललेलं आभाळ

आमच्या अक्काच्या यजमानांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या बंगळुरात दुसरा नव्हता. भावजी जेवता जेवता उठून फाटकापर्यंत जाऊन येत. शाळेत गणित शिकवताना व्हरांड्यात जात आणि उत्तर खिडकीतून सांगत. न्हाव्यानं तर त्यांना एकदा अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावरून धरून आणलं होतं. अशा माणसाला छंद लागावा तो ताऱ्यांचे फोटो काढण्याचा.

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होतो. जयनगर नुकतं वसत होतं, अंधार मुबलक होता. भावजींनी स्वतः आरसा घासून दुर्बीण केली आणि गच्चीवर मांडली. त्यांना जन्मात एकच फोटो हवा होता, एका विझत्या ताऱ्याभोवती पसरलेल्या वायूच्या कड्याचा. त्याला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात, पण "ग्रहाशी त्याचा काडीचा संबंध नाही," हे ते दूधवाल्यालाही थांबवून सांगत. फोटोसाठी फिल्मऐवजी मसाला लावलेली काच असे; ती पहाटे तासभर उघडी ठेवायची, आणि तारा जागचा सरकू नये म्हणून दुर्बिणीची चाकी हातानं हळूहळू फिरवत बसायचं. भावजी फिरवत, उठत, गच्चीला फेरी मारत, परत येऊन फिरवत. काच धुतली की ताऱ्यांच्या जागी वाकड्यातिकड्या अळ्या निघत. दोष त्यांनी शेजारच्या बाईंच्या डोशाचं पीठ वाटायच्या दगडाला दिला. "स्वल्प उशिरा वाटा, अक्का, तारा हलतो," असं बाईंना कानडी धाटणीत अक्का म्हणून जाऊन सांगितलं. त्या बिचारीनं "सरी", म्हणजे बरं, म्हणून आठवडाभर घरच्यांना उप्पीट घातलं, तरी अळ्या काही गेल्या नाहीत.

शेवटी आमची अक्का म्हणाली, "अहो, दगड नाही, तुम्हीच हलवताय. तुम्ही चाललात की गच्ची हलते. खाली जा बघू, मी बसते."

या माणसाशेजारी इतकी वर्षं शांत बसलेल्या बाईला एका ताऱ्याची काय मातबरी. पण भावजींचा चेहरा उतरला. ज्याचा ध्यास घेतला ते घडताना आपणच तिथं नसणार, याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांच्याकडे बघून मलाही. तरी चपला घालून ते उतरले आणि उजाडेपर्यंत गल्लीत फेऱ्या मारत राहिले. दर फेरीला मान वर करत, पण हाक मारली नाही.

काचेवर कडं उमटलं होतं. मोहरीहूनही बारीक, पण भिंग लावलं की मधलं भोक स्वच्छ दिसे. तो फोटो भावजी भेटेल त्याला दाखवत. "आमच्या हिनं काढलाय. मी खाली होतो," एवढंच सांगत, आणि समोरच्याचं बघून होईस्तोवर चक्क एका जागी उभे राहत.

अक्काला जाऊन आता काही वर्षं झाली. आभाळ निरभ्र असलं की भावजी अजून पहाटे चपला घालून खाली उतरतात. एकदा न राहवून मी म्हटलं, "भावजी, आता वरच बसा की."

"छे, मी वर असलो की हलतं," ते म्हणाले, आणि रिकाम्या गच्चीकडे एकदा बघून पुढच्या फेरीला निघाले.