एकटकचे हात

रेघोबांची आणि माझी पहिली भेट दातांच्या डॉक्टरांकडे, बाहेरच्या खोलीत झाली. त्या भेटीत त्यांनी माझा हात जो धरला तो पाऊण तास सोडला नाही. माझी दाढ तेव्हा इतकी सुजली होती की गालाने कानाला मागे ढकलून स्वतःचा स्वतंत्र संसार थाटला होता. त्या गालाला हाताचा टेकू देऊन मी बसलो होतो. समोरच्या बाकावरून एक उंच, वाळके, चष्म्याला दोरी बांधलेले गृहस्थ उठले, माझ्यापुढे गुडघे टेकून बसले, माझा हात गालावरून अलगद सोडवून घेतला आणि खिडकीतल्या उजेडाकडे धरला. गाल बिचारा निराधार लोंबत राहिला. मला ओरडायचं होतं, पण तोंड एक बोटसुद्धा उघडत नव्हतं. आधी वाटलं ज्योतिषी असावेत. मग वाटलं अंगठीवर डोळा आहे. मग त्यांनी माझं मधलं बोट वाकवलं, सरळ केलं, परत वाकवलं, तेव्हा माझी खात्री पटली की डॉक्टर हेच आणि बधिर करायची ही नवीन पद्धत. त्या पाऊण तासात माझा नंबर आला आणि गेला, माझ्यामागचे तिघे आत जाऊन एकेक दात कमी करून आले, आणि काचेच्या पेटीतले मासे मला ओळखायला लागले.

"अंगठा जरा आत घ्या," ते म्हणाले. "हां. आता पिस्तूल धरल्यासारखं करा."

मी केलं. दाढ दुखत असताना माणूस काहीही करतो.

"आता माझ्यावर रोखा. रागाने रोखा हो, पाहुण्याला बिस्कीट दिल्यासारखं नको."

राग तर माझ्याकडे भरपूर होता. त्यांनी मांडीवरच्या वहीत दहा-बारा रेघा ओढल्या, वही लांब धरून पाहिली आणि इतका खोल सुस्कारा सोडला की मी दाढ विसरलो. वहीत हात नव्हता. उशीखाली चेंगरलेली पाच गाजरं होती आणि त्यातलं एक गाजर दुसऱ्यावर रुसलेलं होतं.

"नाही जमत," ते म्हणाले. "बावीस वर्षं झाली, नाही जमत."

हे रेघोबा. ही पदवी त्यांना छापखान्यातल्या लोकांनी दिली होती आणि त्यांच्या बायकोसुद्धा त्यांना चारचौघांत याच नावाने हाक मारायच्या. एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर ते 'एकटक' नावाचं कॉमिक काढायचे. दर आठवड्याला एक पान, बावीस वर्षं, एकूण अकराशे चव्वेचाळीस पानं. आमच्या पिढीतली निम्मी मुलं ते साप्ताहिक मागूनच उघडायची. लांब कोट, उभी कॉलर, तापलेल्या लोखंडासारखे दोन डोळे आणि दोन्ही हात खिशात, असा हा नायक. छापखान्याचे रंग एकमेकांशी कधी जुळले नाहीत, त्यामुळे डोळ्यांतला लाल बऱ्याचदा हनुवटीवर उतरायचा. पण आम्हाला ती त्याची शक्तीच वाटायची.

एकटक नुसता बघायचा. त्याने बघितलं की तिजोरी वितळायची, दार उघडायचं, फोनचा रिसीव्हर आपण होऊन कानाशी यायचा. गच्चीवरून कुणी पडलं की इतर नायक धावत जाऊन झेलतात. हा जागचा हलायचा नाही. त्याने बघितलं की पडणारी बाई हवेत थांबायची, साडी सावरायची आणि जिना उतरल्यासारखी खाली यायची. केवढा संयम, केवढा रुबाब, असं लोक म्हणायचे. खिशात काय आहे असं विचारणारी पत्रं पोत्याने यायची. रेघोबा सगळ्यांना एकच उत्तर पाठवायचे, "योग्य वेळी कळेल."

खिशात हात होते, आणि रेघोबांना हात काढता येत नव्हते.

त्याच्या सगळ्या अलौकिक सिद्धी यातूनच जन्मल्या होत्या. दार ढकलायचं तर हात काढावा लागतो, म्हणून ते नजरेने उघडायचं. त्याचे शत्रूही याच अडचणीत असायचे. तुम्ही जुने अंक काढून बघा, एकटकवर चालून येणारे गुंड दोन्ही हात पाठीमागे बांधून येतात, शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारखे. ज्यांना तलवार देणं भागच होतं ते कोपरापर्यंत धुरात असायचे.

साप्ताहिक बंद पडलं. चारेक वर्षं रेघोबा पंपाच्या जाहिराती काढत होते. पंपाला हात नसतात, त्यामुळे ते सुखात होते. आणि मग एका गेम कंपनीने त्यांना बोलावलं. एकटकवर व्हिडिओ गेम करायचा होता, गोळीबाराचा. रेघोबांनी करारात स्वतः हट्टाने एक वाक्य घालून घेतलं. एकटकच्या अंगावरची प्रत्येक रेघ माझ्याच हातची असेल, दुसऱ्या कुणाचीही चालणार नाही. सही करून आले तेव्हा त्यांची छाती इतकी फुगली होती की लिफ्टमध्ये दुसरं कोणी शिरू शकलं नाही.

पंधरा दिवसांनी टीमच्या प्रमुख बाईंनी त्यांना परत बोलावलं. बाई तिशीच्या, गंभीर, आणि लहानपणापासून एकटकच्या भक्त. हे संभाषण रेघोबांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी तिथे हजर होतो असंच मला वाटतं.

"सर, एकटकला हात आहेत ना?"

"आहेत की. खिशात आहेत."

"बावीस वर्षं?"

"थंडी असेल."

"सर, आम्ही अकराशे चव्वेचाळीस पानं तपासली. एकही बोट सापडलं नाही."

"अहो, पण हात हवेत कशाला? त्याची शक्ती नजरेत आहे."

बाईंनी मग शांतपणे समजावलं. या प्रकारच्या गेममध्ये नायक दिसतच नाही. खेळणारा त्याच्या डोळ्यांतून बघतो. कोट नाही, कॉलर नाही, लाल डोळे तर नाहीतच, कारण ते डोळे म्हणजेच पडदा. नायकाचं पडद्यावर जे काही दिसतं ते फक्त दोन हात, समोर धरलेले. "आणि सर, नजरेची शक्ती आम्ही करून बघितली. खेळणारा नुसता बघतो आणि समोरचे गुंड पडतात. आमच्या तपासणीच्या माणसाने शेरा लिहिला, गुंड आपोआप पडतात, गेम बिघडला आहे."

म्हणजे रेघोबांनी बावीस वर्षं जो चेहरा घडवला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि जे बावीस वर्षं लपवलं तेवढंच हवं होतं. तेही एखाददुसरं नाही. मूठ, तळवा, चापावरचं बोट, गोळ्या भरणं, भिंत फोडणारा पंजा, हवेतल्या गोळ्या थांबवणारी बोटं, अशा छत्तीस हालचाली. कॉमिक कागदावरून उठून आल्यासारखं दिसावं म्हणून सगळं हातानेच काढलेलं हवं होतं. मुदत सहा आठवडे.

"आणि नाही जमलं तर?" रेघोबांनी विचारलं.

"तर करार मोडावा लागेल. एकटकच्या जागी दुसरा नायक घ्यावा लागेल. वरच्या साहेबांनी तयार ठेवलाय. अर्धा माणूस, अर्धी पाल."

"माझ्या एकटकच्या जागी पाल?"

"पालीला चारही पंजे आहेत, सर," बाई हळूच म्हणाल्या.

त्या पालीने रेघोबांची झोप उडवली. जाताना बाईंनी त्यांना गेमचा कच्चा नमुना खेळायलाही दिला होता. हातांच्या जागी तेव्हा दोन करडे ठोकळे होते. रेघोबांनी सुरू केलं, पहिल्या वळणावर गुंड दिसला, ते सवयीने त्याच्याकडे एकटक बघत राहिले आणि गोळी खाऊन मेले. अकरा वेळा मेले. बाराव्या वेळी गुंडाच्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं. ते हात इतके सुरेख काढलेले होते, की ते बघण्यात पुन्हा मेले.

तिथून त्यांनी शहरभर हातांची शिकार सुरू केली. स्वतःचा उजवा हात चित्र काढण्यात अडकलेला आणि डावा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, बघितलं की आखडतो. बायकोचा हात मागितला तर त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तीस वर्षं या हातांनी ताट वाढतेय. तेव्हा वर मान करून बघितलं नाहीत. आता गुंडांना मारायला हवेत होय?"

"एकच तळवा दाखव गं. गोळी अडवल्यासारखा."

"तुम्ही बाजारातून काय आणलंत ते बघते आणि मग दाखवते."

तेव्हा रेघोबा बाहेर पडले. न्हाव्याकडे दाढी करून घेताना त्यांनी त्याचा वस्तऱ्याचा हात मध्येच धरला, आणि त्याची खूण त्यांच्या हनुवटीवर अजून आहे. शिंप्याची बोटं सुईत दोरा ओवताना काढली, ती गोळ्या भरण्यासाठी. बँकेतल्या कॅशियरची नोटा मोजतानाची, बसच्या कंडक्टरची, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकची. मेहुण्याची मूठ हवी होती म्हणून त्याला मुद्दाम राजकारणावरून चिडवलं. मेहुण्याने टेबलावर मूठ आपटली तेव्हा म्हणाले, "तशीच ठेव, दहा मिनिटं." मेहुणा अजून बोलत नाही. माझ्या वाट्याला पिस्तुलाचा चाप आला, तो तुम्हाला माहीतच आहे.

रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायचो. टेबलाखाली बोळ्यांचा ढीग गुडघ्यापर्यंत आलेला असायचा. शाई सांडलेली, टाक मोडलेला. "हे बघा," ते चिडून म्हणायचे, "देवाने चार बोटं एका रांगेत ठेवली आणि हा अंगठा भलतीकडे. कुणाला विचारून ठेवला?" एकदा त्यांनी टाक भिरकावला, तो बायकोच्या कुंडीत रुतून बसला. बायकोने तो उपटून आणून परत रेघोबांच्या हातात दिला आणि त्या एवढंच म्हणाल्या, "पाल आली तर मी घरात घेणार नाही." मला वाटतं त्या दिवसापासून रेघोबांचे हात सुधारले.

खरंच सुधारले. पाचव्या आठवड्यात गाजरांना सांधे फुटले. सहाव्या आठवड्यात नखं आली. शेवटच्या दिवशी छत्तीस हालचाली तयार होत्या आणि प्रत्येक हात असा जिवंत की हस्तांदोलन करावंसं वाटावं. रेघोबा रडले. मीही थोडा रडलो, कारण माझा चापही त्यात होता.

कंपनीत दाखवायच्या दिवशी त्यांनी बायकोला आणि मला बरोबर नेलं. मोठ्या पडद्यासमोर पंधरा-वीस माणसं बसली होती. बाईंनी गेम सुरू केला. अंधारी गल्ली, आणि समोर दोन हात. टाळ्या पडल्या. हातांनी पिस्तूल उचललं. ते माझे होते, गुबगुबीत, अंगठीसकट. मग गोळ्या भरायला घेतल्या आणि एकाएकी बोटं बारीक, लांब झाली.

"हा शिंपी," रेघोबांच्या बायको माझ्या कानात म्हणाल्या.

गुंड धावून आला. एकटकने मूठ वळली आणि तिच्यावर दाट काळे केस उगवले. तो मेहुणा होता. भिंत फोडली ती मेकॅनिकने. गोळ्या हवेत थांबवल्या त्या न्हाव्याने, करंगळी नाजूक वर धरून. पडणाऱ्या बाईला झेललं कॅशियरने, आणि झेलताना ती मोजून घेतल्यासारखी वाटली. तीन मिनिटांच्या लढाईत एकटकच्या मनगटांवर अर्धं शहर येऊन गेलं.

खोलीत कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं.

"सर," बाई म्हणाल्या, "हे एकाच माणसाचे हवे होते."

"तुम्ही छत्तीस मागितले होते," रेघोबा म्हणाले. "एक माणूस छत्तीस वेळा हात धरू देतो का? लोकांना कामं असतात."

बाईंनी वरच्या साहेबांशी भांडून आणखी दोन आठवडे मिळवले. ते दोन आठवडे मी रेघोबांच्या खुर्चीत बसून काढले. अंगठी काढून ठेवली आणि छत्तीसच्या छत्तीस हालचाली मी एकट्याने केल्या. भिंत फोडताना माझा खांदा निखळला. गोळ्या थांबवताना मुंग्या आल्या, आणि रेघोबा खेकसले, "थरथरू नका हो, तुम्ही अजिंक्य आहात." रोज सात-आठ हात फाटायचे, दोन-तीन टिकायचे. शेवटच्या दुपारी छत्तिसावा हात पुरा झाला. सगळे एकाच माणसाचे, सगळे रेघोबांच्या रेघेचे. त्यांनी ते स्वतः नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवले आणि पोचपावती घेतली.

गेम ठरलेल्या तारखेला आला. त्यात नायक एकटकच आहे. वरच्या साहेबांना त्या छत्तीसही हातांत पोट सुटलेला माणूस दिसला म्हणून त्यांनी एकटकला हातमोजे घातले. हातमोजा हा अंगाचा भाग नाही, असं कंपनीच्या वकिलांचं मत पडलं. ते हातमोजे कंपनीने मोटारसायकलच्या शर्यतीच्या एका जुन्या गेममधून घेतले.